गाणे त्यांचे, गळा आपला

गाजलेली गाणी पुन्हा गाणारे आणि वाजवणारे कलावंत आपण नेहमी पाहतो. त्यांना किती मेहनत करावी लागते आणि मूळ कलावंतांचे त्यांच्यावर कोणते ऋण असते, हे या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, समजा, तुम्ही एका लग्नाला गेला आहात. जेवणे आटोपली आहेत. मंडपाच्या एका टोकाला छोटे व्यासपीठ आहे. त्यावर वाद्यवृंद, म्हणजे ऑर्केस्ट्रा, बसला आहे. निवेदक सांगतो, "आता ऐका मोहम्मद रफी यांचे गाणे." एक तरुण माईकसमोर येतो, डोळे मिटतो आणि गाऊ लागतो. हळूहळू मंडपातला गोंगाट थांबतो. तुमच्या शेजारी बसलेले आजोबा मान डोलावतात आणि म्हणतात, "वा! अगदी रफीसाहेबच!"

रफीसाहेब ३१ जुलै १९८० रोजी मुंबईत वारले. समोर गाणारा तरुण तेव्हा जन्मलाही नव्हता. मग मंडपात आता ऐकू येत आहे, ते गाणे कोणाचे? रफीसाहेबांचे, की या तरुणाचे? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर तेवढे साधे नाही.

आधी गाणे कसे तयार होते ते पाहू. १९५२ साली 'बैजू बावरा' हा चित्रपट आला. त्यात मालकंस रागातील एक भजन आहे. ते लोक आजही आवडीने गातात. हे भजन लिहिले उर्दूचे शायर शकील बदायुनी यांनी. त्याला चाल दिली नौशाद यांनी आणि ते गायले मोहम्मद रफी यांनी. म्हणजे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा.

पण एवढ्यानेही गाणे पुरे होत नाही. त्यात तबला, सतार, बासरी, व्हायोलिन वाजवणारे वादक असतात. कोणते वाद्य केव्हा वाजेल, हे ठरवणारा संगीत-संयोजक असतो. त्या काळी मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे अनेक वादक आणि संयोजक काम करत. सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांपैकी एक. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचे वाद्यसंयोजन त्यांनी केले. अशा माणसांची नावे तबकडीवर सहसा छापली जात नसत. गाणे मात्र त्यांच्या हातांनीच सजत असे.

असे तयार झालेले गाणे दुसऱ्या कलावंताने पुन्हा गायले किंवा वाजवले, की त्याला 'कव्हर व्हर्जन' म्हणतात. आपण त्याला 'पुनर्गायन' म्हणू.

काही लोक म्हणतात, "यात काय विशेष? गाणे तर तयारच आहे. नुसती नक्कल करायची!" असे म्हणणाऱ्याने एकदा वाद्यवृंदाची तालीम पाहावी. मूळ गाणे पुन्हा पुन्हा ऐकले जाते. ढोलकवाला ठेका पकडतो. बासरीवाला मधले तुकडे उतरवून घेतो. मूळ ध्वनिमुद्रणात डझनावारी व्हायोलिने वाजलेली असतात. इथे त्या सर्वांचे काम एकाच की-बोर्डवर, दोन हातांनी करायचे असते. रफीसाहेबांचा आवाज सहज वरच्या सप्तकात जाई. प्रत्येकाला ते जमत नाही. म्हणून गायक कधी खालची पट्टी घेतो. गायकाने पट्टी बदलली, की सर्वांनाच पट्टी बदलावी लागते. पाच मिनिटांच्या गाण्यामागे अशी कितीतरी तासांची मेहनत असते.

शिवाय उच्चार! जुन्या हिंदी गाण्यांत उर्दू शब्द भरपूर असतात. ज्या उच्चारांची तुम्हांला लहानपणापासून सवय आहे, ते इतरांना मुद्दाम शिकावे लागतात. लता मंगेशकर मराठी घरातल्या. त्या नवीन असताना अभिनेते दिलीपकुमार यांनी त्यांच्या उर्दू उच्चारांबद्दल शंका बोलून दाखवली. लताबाईंनी राग धरला नाही. त्यांनी शिक्षक ठेवून उर्दूचे धडे घेतले. उलट, पंजाबी घरात जन्मलेल्या रफीसाहेबांनी श्रीकांत ठाकरे यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली मराठी गीते गायली. ती गीते आजही मराठी घरांत ऐकली जातात. तुम्ही उर्दू बोलता आणि मराठी शिकता. दुसऱ्याची भाषा आपल्या जिभेवर आणायला काय कष्ट पडतात, हे तुम्हांला सांगायला नकोच.

आता आणखी एक गंमत ऐका. ज्यांची नक्कल सारे जग करते, त्यांनीही कधी काळी कोणाची तरी नक्कल केली होती. रफीसाहेबांचा जन्म १९२४ साली अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंह या गावी झाला. त्या गावात एक फकीर गात फिरत असे. लहानगा रफी त्याच्या मागे मागे जाई आणि त्याच्यासारखे गाण्याचा प्रयत्न करी. मुकेश यांचे गाजलेले पहिले गाणे १९४५ च्या 'पहली नजर' या चित्रपटातले. ते त्यांनी कुंदनलाल सैगल यांच्या ढंगात इतके हुबेहूब गायले, की ऐकणारे फसत. किशोरकुमारही सुरुवातीला सैगल यांच्यासारखेच गात. पुढे या दोघांना आपापला आवाज सापडला. म्हणजे नक्कल ही पहिली पायरी झाली. पायरीवर पाय ठेवायचा असतो, तिथे मुक्काम करायचा नसतो.

रफीसाहेब गेल्यावर त्यांच्यासारख्या आवाजाची उणीव चित्रपटसृष्टीला भासू लागली. तेव्हा रंगमंचावर रफींची गाणी गाणारे काही गायक पुढे आले. १९८३ च्या 'कुली' या चित्रपटाने शब्बीरकुमार यांचे नाव झाले. कोलकात्यात एका रेस्टॉरंटमध्ये गाणारे मोहम्मद अजीज १९८५ च्या 'मर्द' मुळे घरोघरी पोहोचले. सोनू निगम यांनी तर वयाच्या चौथ्या वर्षी वडिलांबरोबर रंगमंचावर रफींचे गाणे गायले. पुढे मुंबईत आल्यावर त्यांच्या आवाजात रफींच्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या. लोक त्यांना रफींची सावली समजत. पण त्यांनी स्वतःची वाट शोधली आणि २००३ च्या 'कल हो ना हो' या चित्रपटातील गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अर्थात, सर्वांच्याच नशिबी हे येत नाही. गावोगावच्या वाद्यवृंदांत असे शेकडो गायक आहेत, की जे आयुष्यभर दुसऱ्यांचीच गाणी गातात. श्रोते त्यांना 'छोटा रफी', 'छोटा किशोर' म्हणतात. त्यांचे खरे नाव विचारायचे मात्र कोणाला सुचत नाही.

आता मूळ कलावंतांच्या ऋणाकडे वळू. शास्त्रीय संगीतात एक सुंदर रीत आहे. गायक आपल्या उस्तादांची बंदिश गातो. ती त्याने रचलेली नसते. तो उस्तादांचे नाव घेतो आणि नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. त्या एका कृतीतून तो सांगतो, की हे माझे नाही, मला हे त्यांच्याकडून मिळाले. उर्दू शायरीतही असेच आहे. तरही मुशायऱ्यात एक मिसरा ठरवून दिला जातो आणि सर्व शायर त्या जमिनीवर गझल लिहितात. दुसऱ्या शायराचा मिसरा आपल्या गझलेत घेतला, तर तो अवतरणचिन्हांत लिहितात. चिन्ह दिले, तर तो आदर ठरतो. मिसरा आपलाच म्हणून खपवला, तर त्याला सरका, म्हणजे चोरी, म्हणतात. मिसरा तोच असतो. फरक फक्त कबुलीचा असतो.

ही कबुली विसरली गेली, तेव्हा काय झाले ते पाहा. १९८० नंतर आपल्या देशात कॅसेटींचा सुळसुळाट झाला. जुन्या गाण्यांना फार मागणी होती. पण मूळ ध्वनिमुद्रणे जुन्या ग्रामोफोन कंपनीच्या मालकीची होती. त्यांची नक्कल करून विकणे हा गुन्हा होता. मग नव्या कंपन्यांनी तीच गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली. १९५७ च्या कॉपीराइट, म्हणजे स्वामित्वहक्काच्या, कायद्यात याची सोय होती. मूळ गाणे निघाल्यावर दोन वर्षे थांबायचे, हक्कदाराला कळवायचे, ठरलेले मानधन द्यायचे आणि मग गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करायचे.

यातून काही चांगलेही घडले. कॅसेटी स्वस्त झाल्या. नव्या गायकांना काम मिळाले. पण काही कॅसेटींच्या वेष्टनावर मूळ चित्रपटाचे नाव ठळक अक्षरांत असे आणि नव्या गायकाचे नाव शोधावे लागे. समजा, तुमच्या आजोबांनी रफीसाहेबांची म्हणून एखादी कॅसेट विकत आणली आणि घरी येऊन लावली, तर त्यातून भलताच आवाज आला! अशा वेळी तिघांवर अन्याय होई. ग्राहक फसे. मूळ गायकाचे नाव त्याच्या संमतीशिवाय विकले जाई. आणि ज्याने खरोखर घसा कोरडा केला, तो नवा गायक अनोळखीच राही.

म्हणून २०१२ साली कायदा बदलला. आता पुनर्गायनाच्या ध्वनिमुद्रणासाठी दोनऐवजी पाच वर्षे थांबावे लागते. मूळ शब्दांत आणि चालीत मनमानी बदल करता येत नाही. साधारणपणे प्रत्येक गाण्यामागे दरवर्षी कमीत कमी ५०,००० प्रतींचे मानधन हक्कदाराला द्यावे लागते. हे पुनर्गायन आहे, असे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. आणि मूळ गायकाचे नाव किंवा चित्र त्या वेष्टनावर छापता येत नाही.

इथे तुम्ही विचाराल, "आताच तर म्हणालात, की मूळ कलावंताचे नाव घ्यावे. मग कायदा ते छापायला बंदी का करतो?" प्रश्न बरोबर आहे. पण नाव घेणे वेगळे आणि नाव विकणे वेगळे. कान पकडणारा शागिर्द नाव घेतो, तेव्हा तो स्वतः लहान होतो. वेष्टनावर दुसऱ्याचे नाव छापणारा व्यापारी त्या नावावर आपला माल खपवतो. कायद्याला दुसरी गोष्ट थांबवायची आहे, पहिली नव्हे.

हे नियम ध्वनिमुद्रणाचे झाले. तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करायचा असेल, तर आयोजकाला गाण्यांच्या हक्कदारांचा परवाना घ्यावा लागतो. गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी हे काम करणारी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. पण तुम्ही घाबरू नका! शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या पालकांसमोर गातात, त्याला कायद्याने सूट आहे. लग्नाच्या वरातीत बँड वाजतो, त्यालाही सूट आहे.

कायद्याची सूट असली, तरी ऋण काही संपत नाही. ते फेडायला पैसे लागत नाहीत. पुढच्या स्नेहसंमेलनात तुमच्यापैकी कोणी जुने गाणे गाईल. तेव्हा गाण्यापूर्वी तीन नावे सांगा. लिहिणाऱ्याचे, चाल देणाऱ्याचे आणि पहिल्यांदा गाणाऱ्याचे. त्याला अर्धे मिनिटही लागणार नाही. ती नावे माहीत नसतील, तर शोधा. शोधता शोधता तुम्हांला एखादा शायर भेटेल, एखादा संगीतकार भेटेल आणि गाण्याचा अर्थही नव्याने कळेल.

आता पुन्हा त्या लग्नमंडपात या. गाणे संपले आहे. टाळ्या वाजत आहेत. हे गाणे कोणाचे, असा आपला प्रश्न होता. शब्द शायराचे, चाल संगीतकाराची, तो अमर आवाज रफीसाहेबांचा. पण आज रात्री मंडप शांत झाला, तो या तरुणाच्या गळ्यामुळे. त्याने आपले काम चोख केले आहे. आजोबांनी रफीसाहेबांची आठवण काढली, हे योग्यच झाले. आता तुम्ही व्यासपीठाजवळ जा आणि त्या तरुणाला त्याचे नाव विचारा.

शब्दार्थ

वाद्यवृंद – अनेक वादकांचा समूह, ऑर्केस्ट्रा
हुबेहूब – अगदी तसेच
पट्टी – गाण्यासाठी निवडलेला मूळ सूर
वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण
मानधन – कामाबद्दल आदराने दिलेले पैसे
ऋण – कर्ज, उपकार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'बैजू बावरा' मधील भजनाला चाल कोणी दिली?
(आ) लहानपणी रफी कोणाच्या मागे फिरत असत?
(इ) गायक कानाच्या पाळीला हात केव्हा लावतो?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वाद्यवृंदातील कलावंतांना कोणती मेहनत करावी लागते?
(आ) 'नाव घेणे वेगळे आणि नाव विकणे वेगळे', हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : मान डोलावणे, घसा कोरडा करणे, वाट शोधणे.

उपक्रम : तुमच्या आवडीचे एक जुने गाणे निवडा. त्याचे गीतकार, संगीतकार आणि गायक कोण, ते शोधून वर्गात सांगा.