चेंडू कोठे वळतो?

रोह्याच्या एका शाळकरी वाचकाने पत्राने विचारले आहे की, मुंबईच्या एका बोलिंग दालनात त्याने पाहिलेला जड चेंडू अर्ध्याहून अधिक वाट नाकासमोर जातो आणि मग एकाएकी पिनांकडे वळतो, हे कसे. आणि सकाळी एका जागी वळणारा चेंडू, फेकणारा तोच असताना, सायंकाळी भलत्याच जागी का वळतो? प्रश्न इतका मार्मिक आहे की, त्याच्या उत्तरासाठी मला दालनातून निघून थेट पेणच्या खारेपाटात यावे लागणार आहे.

प्रथम दालनाचा तपशील. फेकरेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर 60 फूट. त्यांपैकी सुमारे 40 फुटांवर यंत्राने तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तोही बहुधा मध्यभागी दाट आणि कडांना विरळ, आणि पुढचा भाग कोरडा ठेवलेला असतो. आपल्या डोळ्यांना हा भेद दिसत नाही. 16 पौंडांपर्यंत वजनाच्या त्या चेंडूला मात्र तो पुरता जाणवतो. तेलावर तो घसरत जातो, कोरड्यावर त्याला पकड मिळते, आणि मनगटाने दिलेली फिरकी तेव्हा कोठे कामी येते. प्रत्येक फेकीबरोबर थोडे तेल चेंडूला लागून निघून जाते, थोडे कोरड्या भागावर ओढले जाते. म्हणून सकाळची जमीन सायंकाळी तशी उरत नाही.

वारे आणि सागरप्रवाह वळविणाऱ्या परिणामाला ज्याचे नाव मिळाले, तो फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिस भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. परंतु त्या विषयावरचा आपला प्रसिद्ध निबंध ज्या 1835 साली त्याने प्रकाशित केला, त्याच साली त्याने बिलियर्डच्या चेंडूंवर एक संपूर्ण गणिती ग्रंथ लिहिला, आणि खेळांच्या विज्ञानाचा तो पाया असूनही त्याची दाद फारशी कोणी घेतलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. त्या ग्रंथातील गणित सांगते की, सपाट जमिनीवर फिरकीसह घसरणारा चेंडू अन्वस्त वक्राने जातो आणि पकड बसताच सरळ रेषेत गडगडू लागतो. भरीव चेंडू फिरकीविना सोडला, तर गडगडू लागताना त्याचा वेग मूळच्या पाच-सप्तमांश उरतो, मग जमीन गुळगुळीत असो की खरखरीत. आणि फिरकी दिलेली असेल, तर त्याची अखेरची दिशाही तो हातातून सुटतो त्या क्षणीच मुक्रर झालेली असते! घर्षणाच्या अखत्यारीत उरते ते एवढेच, की हे वळण पुरे कोठे व्हायचे. तेल अधिक असेल तर पिना आल्या तरी पकड बसत नाही, आणि कमी असेल तर चेंडू वेळेआधीच वळून नेमकी पिन चुकवितो. नव्या रासायनिक कवचांच्या चेंडूंविषयी विक्रेते जे अचाट दावे करतात, ते वाचताना हा हिशेब ध्यानी ठेवावा. कवच बदलल्याने घर्षण बदलते, म्हणजे मुख्यतः वळणाची जागा बदलते.

आता आपल्या शिवारात येऊ. भातकापणी उरकली, धसकटे निघाली, की पेण-रोह्याच्या शेतांत टेनिसच्या चेंडूने क्रिकेटचे सामने रंगतात, आणि महसुली दप्तराने ज्या जमिनी खारी आणि वरकस म्हणून वेगळ्या नोंदल्या, त्यांतील भेद चेंडू एका टप्प्यात सांगून टाकतो. खारेपाटातील बारीक कणांची चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसून भेगाळते. भेगेच्या काठावर पडलेला चेंडू कोठे जाईल याचा नेम नसतो. वरकसाच्या मुरमाड जमिनीवर खडे चेंडूला चावतात. आणि पाणी शिंपडून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवलेले खळे पाहा: मातीच्या कणांमधील हवा निघून गेलेली, कण एकमेकांना घट्ट भिडलेले; तेथे चेंडू सारखा उसळतो, पण घसरून सरळ निघून जातो. दालनातील तेलाच्या पट्ट्याचा हा आपला सख्खा भाऊ!

एक फरक मात्र फार महत्त्वाचा आहे. बोलिंगच्या चेंडूला पकड शोधायला 60 फूट मिळतात. क्रिकेटचा चेंडू जमिनीला टेकतो तो सेकंदाचे काही सहस्रांश. एवढ्या अवधीत पकड पुरती बसली तर बसली, नाही तर फिरकी तशीच वर उडून जाते. म्हणून येथे माती वळणाची जागाच नव्हे, तर वळण किती हेही ठरविते. ब्रिटनमधील मृदातज्ज्ञ 16 फुटांवरून चेंडू सोडून त्याची उसळी मोजतात आणि त्यावरून खेळपट्टी जलद की मंद ते ठरवितात.

हे ज्ञान तुकड्यातुकड्याने नव्हे, तर समग्रपणे ज्याच्या हाती होते असा पुरुष मी एकच मानतो, आणि तो म्हणजे पालवणकर बाळू. पुण्यात साहेब लोकांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरविणे, रेषा आखणे, जाळ्या बांधणे ही त्यांची नोकरी, आणि सरावापुरती साहेबांना गोलंदाजी करणे हे त्यांतलेच एक काम. अस्पृश्य म्हणून ज्यांना विश्रांतीच्या वेळी चहा तंबूबाहेर मातीच्या भांड्यात मिळे, त्याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. लोक त्यांच्या डाव्या मनगटाचे गुण गातात; माझी धारणा अशी की, ज्याने रूळ ओढून मातीचा ओलावा पायांनी जोखला, त्याला चेंडू कोठे टाकावा हे इतरांच्या आधी कळत होते. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही, हा अन्याय होता.

रोह्याच्या वाचकास माझी विनंती आहे की, त्याने घरातील गुळगुळीत फरशीच्या निम्म्या भागावर खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा, रबरी चेंडूला बोटांनी फिरकी देऊन तो तेलावरून सोडावा, वळणाच्या जागी खडूने खूण करावी, आणि दहा फेकींनंतर ती खूण पुढे सरकली की मागे आली, हे मला लिहून कळवावे.