छातीतील कळ अंगावर काढू नये

पेण तालुक्यातील वडखळ व आसपासच्या खारपट्ट्यात भात हे मुख्य पीक आहे. रोपे लावणीस आली, की शेतकऱ्यास उसंत नसते. अशा वेळी छातीत कळ आल्यास, वात धरला असेल असे समजून ओवा खाऊन तो पुन्हा चिखलात उतरतो. ही समजूत जिवावर बेतू शकते.

हृदयाच्या स्नायूंस रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली, म्हणजे पाट तुंबल्यावर खाचर सुकावे तसा तेवढा स्नायू मरू लागतो. सुकलेले खाचर पुन्हा भिजविता येते. मेलेला स्नायू मात्र पूर्ववत होत नाही. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या १२ तासांतच उपयोगी पडते, व जितके लवकर द्यावे तितका गुण अधिक.

छाती आवळल्यासारखी वाटणे, कळ डाव्या हातात वा जबड्यात जाणे, घाम सुटणे, धाप लागणे ही लक्षणे ओळखावीत. स्त्रिया व मधुमेही यांस कधी वेदनेवाचून केवळ धाप किंवा थकवा जाणवतो.

अशा वेळी काम थांबवून रोग्यास बसवावे; चालवू नये. २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवावे. वडखळ नाक्यावरून पेण व अलिबाग या दोन्ही ठिकाणी सरकारी रुग्णालयांकडे जाता येते. तेथे हृदयाचा आलेख काढून घ्यावा. कळ केव्हा सुरू झाली, मधुमेह, रक्तदाब वा तंबाखूची सवय आहे काय, हे डॉक्टरांस न लपविता सांगावे.

लावणी एक दिवस लांबली तरी चालेल. वैद्यकीय सल्ला लांबणीवर टाकू नये.