दुकानापुढील मोकळी जागा

व्यापाऱ्याच्या चोपडीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. जमीन घेताना मात्र आणखी एक बाजू असते, ती कोणत्याच चोपडीत लिहिली जात नाही. दुकानापुढे किती जागा मोकळी राहिली, मालमोटार कोठे उभी राहणार, गिऱ्हाइकाने आपले वाहन कोठे लावावयाचे, आणि आग लागली तर बंब आत येणार कसा, या प्रश्नांची ती बाजू होय. खरेदीच्या दिवशी तिचा कोणी विचार करीत नाही, आणि विचार करण्याची वेळ येते तेव्हा पुष्कळदा उपाय हातात राहिलेला नसतो. नेरडीगोंड्याच्या निमित्ताने या विषयाकडे सभासद बंधूंचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटले.

नेरडीगोंडा हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे ठिकाण. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, जो जुन्या मंडळींच्या तोंडी अद्याप ‘सात नंबरचा रस्ता’ म्हणूनच आहे, नागपूरहून आदिलाबाद आणि निर्मलमार्गे हैदराबादकडे जाताना याच मुलखातून जातो. रोलमामड्याचा टोलनाका जवळच. कडेम नदीवरील सुमारे ४५ मीटर उंचीचा कुंतला धबधबा याच मंडलात असल्यामुळे पावसाळ्यात प्रवाशांच्या गाड्यांची रीघ लागते, आणि हंगामात कापूस, सोयाबीन व तूर यांची वाहतूक सुरू होते. रस्ता आहे म्हणून व्यापार आहे. अर्थात् जो तो रस्त्याच्या कडेला जागा शोधतो, आणि शेताचे भूखंड पडू लागतात.

येथे आमच्या सीमाभागाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. बोथचा उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला. एकाच घरातील मामा किनवटला आणि काका बोथच्या बाजूस, अशी स्थिती झाली. सोयरीक कायम राहिली, पण जमिनीचा कायदा निराळा झाला. किनवटचा पाहुणा ‘सात-बारा दाखवा, एन. ए. झाली का?’ असे विचारतो. इकडे पहाणी, पट्टादार पासपुस्तक आणि २००६ च्या कायद्यान्वये होणारे बिगरशेती रूपांतर यांची भाषा चालते. तिकडील अनुभवावर विसंबून इकडे व्यवहार करणारे, अथवा याच्या उलट करणारे, पुष्कळदा फसतात.

आता हिशेबाकडे वळू. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे १२१ चौरस गज. समजा, एका शेतमालकाने रीतसर ले-आउट पाडला. तीस फुटी रस्त्यांसाठी बारा गुंठे गेले, सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी दहा टक्के म्हणजे चार गुंठे गेले, आणि विकावयास चोवीस गुंठे उरले. शेजारच्या मालकाने नकाशा मंजूर करून घेतलाच नाही. चार गुंठ्यांची चिंचोळी बोळ सोडून त्याने छत्तीस गुंठे विकले. बारा गुंठ्यांचा हा फरक कोणाच्या खिशात गेला, ते सांगावयास नको. गज स्वस्त मिळाला म्हणून घेणारा आनंदतो. वस्तुतः त्याला स्वस्त काहीच मिळालेले नसते. रस्त्याचे आणि मोकळ्या जागेचे मोल त्याच्याकडून घेतले गेले नाही, इतकेच. कारण त्या वस्तू त्याला दिल्याच गेल्या नाहीत.

कायद्याची वाट वास्तविक साधी आहे. जमीन प्रथम बिगरशेती व्हावी, ले-आउटला नगररचना खात्याची तांत्रिक मान्यता मिळावी, ग्रामपंचायतीने मंजुरी द्यावी, आणि रस्ते व मोकळ्या जागा बक्षीसपत्राने पंचायतीच्या नावे व्हाव्यात. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. रस्ता एकदा पंचायतीचा झाला की तो पुन्हा कोणाला विकता येत नाही. जो रस्ता केवळ विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर राहिला, तो त्याच्या मुलांच्या वाटणीत नाहीसा होण्याचा संभव असतो.

ही वाट सोडून झालेल्या व्यवहारांचे पुढे काय होते, हे २०२० साली सर्वांच्या अनुभवास आले. त्या वर्षी २६ ऑगस्ट रोजी तेलंगण शासनाने अनधिकृत ले-आउटमधील भूखंडांची खरेदीखते नोंदविणे बंद केले आणि ३१ ऑगस्टला भूखंड नियमित करण्याची योजना जाहीर केली. ग्रामपंचायतींच्या हद्दीही तीत अंतर्भूत होत्या. एका भूखंडाचे अर्जशुल्क एक हजार रुपये आणि संपूर्ण ले-आउटचे दहा हजार ठरले. राज्यभरातून पंचवीस लाखांहून अधिक अर्ज आले. पूर्वी एकदा नोंदणी झालेल्या भूखंडांची पुढील खरेदीखते २९ डिसेंबर २०२० पासून पुन्हा होऊ लागली. परंतु अर्जांचा निकाल वर्षानुवर्षे लागला नाही, आणि २०२५ साली शुल्कात पंचवीस टक्के सूट देऊन तो प्रश्न पुन्हा हाती घ्यावा लागला.

आमच्या परिचयाच्या एका व्यापारी कुटुंबाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. दोघा भावांनी महामार्गापासून आत दोनशे गजांचा भूखंड घेऊन खाली दुकान आणि मागे गोदाम बांधले होते. शेजारचा तेवढाच दुसरा भूखंड मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकावयाचा, असा थोरल्या भावाचा बेत होता. ती वेळ नेमकी २०२० च्या सप्टेंबरात आली. गिऱ्हाईक ठरले, विसार घेतला, आणि नोंदणी बंद असल्याचे कळले. विसार परत करावा लागला. मुलीच्या प्रवेशासाठी व्याजाने रक्कम उभी करावी लागली. पुढे सवलतीच्या काळात त्यांनी शुल्क भरले. ज्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडलेली नाही, तेथे भूखंडाच्या नोंदणीच्या दिवशीच्या किमतीवर चौदा टक्के आकार पडतो. नोंदणीच्या वेळी गजाला एक हजार रुपये भाव धरला, तर दोनशे गजांमागे हा एकच आकार अठ्ठावीस हजारांचा होतो. नियमितीकरणाचे मूळ शुल्क त्याहून वेगळे.

एवढे सर्व झाल्यावर कागद हाती आला. पण बोळ होती तेवढीच राहिली. मालमोटार आजही आत वळत नाही. ती महामार्गाच्या कडेला उभी राहते आणि हमाल पाठीवर पोती घेऊन रस्त्यावरून ये-जा करतात. एका पहाटे मागून आलेल्या वाहनाने उभ्या मोटारीस घासटले. दोन पावले पुढे असलेला हमाल थोडक्यात बचावला. त्या दिवशी धाकटा भाऊ आम्हांस म्हणाला, “शुल्क भरून आमचा कागद सरळ झाला, रस्ता मात्र वाकडाच राहिला.” आमच्या मते या सबंध विषयाचे सार त्या एका वाक्यात आले आहे.

शासन अनियमितपणा क्षमा करू शकते. नाहीशी झालेली जमीन ते परत निर्माण करू शकत नाही. तथापि प्रत्येक क्षमेबरोबर पुढील क्षमेची आशा वाढते. आपल्याकडे २००७, २०१५ आणि २०२० अशा नियमितीकरणाच्या योजना झाल्या. महाराष्ट्रात २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांपर्यंत वाढविण्यात आली. परिणामी ‘आज घेऊन ठेवा, उद्या होईल नियमित’ हे दलालाचे ब्रीदवाक्यच होऊन बसले आहे. नियमात अपवाद असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली विभागवार बांधकामाचे नियम केले, तेव्हाच विशेष अडचणीच्या प्रसंगी सूट देणाऱ्या मंडळाचीही योजना केली. वाकडा भूखंड, तीव्र उतार, मध्ये आलेला ओढा अशा कारणांसाठी अपवाद न्याय्य ठरतो. परंतु अडचण जमिनीची असावी. मालकाच्या लोभाची नसावी. आणि शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून अपवाद दिला जाऊ नये.

वाहने उभी करण्याचा प्रश्न तर व्यापाऱ्याच्या पोटापाण्याचाच आहे. मुंबईतील मशीद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केट परिसरातील घाऊक बाजारांचे काय झाले, ते आपल्यापैकी अनेकांच्या नातलगांनी पाहिले आहे. पेढ्या नामांकित होत्या, माल भरपूर होता. पण गल्ल्यांत मोटारी मावेनात. १९८१ साली कांदा-बटाट्याचा बाजार वाशीस गेला, पुढे मसाले व धान्य गेले, आणि १९९६ पर्यंत फळे व भाजीपालाही गेला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाद्या हलवाव्या लागल्या. जपानने १९६२ सालीच असा कायदा केला की, मोटार ठेवण्यास स्वतःची जागा दाखविल्याशिवाय मोटारीची नोंद होऊ नये. त्याची हुबेहूब नक्कल आपल्या गावी करावी असे नव्हे; परंतु आपल्या वाहनाचा भार सार्वजनिक रस्त्यावर टाकू नये, हे त्यातील तत्त्व घेण्याजोगे आहे.

महामार्गालगतच्या जागेस आणखी एक बंधन आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे खुल्या सपाट मुलखात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत इमारत असू नये, आणि ७५ मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण असावे. महामार्गावर उतरणारी वाट काढावयाची, तर २००२ च्या कायद्यानुसार त्याचीही परवानगी लागते. ‘रोडटच’ या एका शब्दावर जो भाव चढतो, तो देण्यापूर्वी ही मोजपट्टी लावून पाहावी.

आता एक नाजूक परंतु टाळता न येणारी गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९५९ चा भूमी-हस्तांतरण विनियम १९६३ साली तेलंगण भागास लागू झाला, आणि १९७० च्या दुरुस्तीने तो इतका कडक झाला की, अशा गावांत बिगर-आदिवासीने दुसऱ्या बिगर-आदिवासीकडून घेतलेली जमीनही रद्दबातल ठरते. नियमितीकरणाच्या कोणत्याही पावतीने असा व्यवहार वैध होत नाही. काही बंधूंना हा नियम अन्यायाचा वाटतो. त्यांनी त्याचा इतिहासही पाहावा. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम यांचा अंत झाला, तो जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कासाठीच. त्यानंतर हायमेनडॉर्फ यांनी निजाम सरकारला दिलेल्या अहवालांत गोंडांची जमीन बाहेरून आलेल्यांच्या आणि सावकारांच्या हाती कशी गेली, याचे वर्णन आहे. सावकारी करणाऱ्यांत आपल्यासारखे व्यापारीही होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्यांच्या गिऱ्हाइकीवर आपली दुकाने चालतात, त्यांच्या पायाखालची जमीन त्यांचीच राहावी, यात आपलेही हित आहे.

असो. तात्पर्य एवढेच की, जागा घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने काही प्रश्न घरात बसून विचारावेत, आणि ते विचारताना घरातील स्त्रियांना व वयात आलेल्या मुलांना बोलवावे. कारण ती जागा उद्या त्यांनाच सांभाळावयाची आहे. गाव अनुसूचित क्षेत्रात आहे काय? जमीन बिगरशेती झाली आहे काय? ले-आउटचा मंजूर नकाशा आपण स्वतः पाहिला काय, की केवळ रंगीत छापील कागद पाहिला? रस्ता पंचायतीच्या नावे झाला आहे काय? तलावाच्या पाण्याची रेषा किती दूर आहे? आणि सरतेशेवटी, भरलेली मालमोटार आत येऊन वळून बाहेर जाऊ शकते काय? हा शेवटचा प्रश्न कागदावर सुटत नाही. जागेवर उभे राहून पावलांनी मोजावा लागतो.

जेथे चूक पूर्वीच होऊन गेली आहे, तेथेही हात बांधून बसण्याचे कारण नाही. एका बोळीतील चार-पाच दुकानदारांनी प्रत्येकी चार फूट मागे सरकून सामाईक जागा सोडली, मालाच्या उतरणीची वेळ पहाटेपुरती ठरवून घेतली, आणि तसा ठराव ग्रामसभेपुढे ठेवला, तर पुष्कळ काम होईल. ग्रामसभेस व्यापाऱ्यांनी जावयाचे नाही, अशी जी समजूत पडली आहे ती सोडली पाहिजे. आपण गैरहजर राहतो आणि मग ठरावाविरुद्ध तक्रार करतो, हे शोभत नाही.

चार फूट सोडण्याने दुकान लहान होते, हे खरे. परंतु त्या चार फुटांत गिऱ्हाईक उभे राहते, हमालाचे पाऊल सुरक्षित पडते, आणि शेजाऱ्याचा दुवा मिळतो. एवढे उत्पन्न देणारी दुसरी जागा आमच्या पाहण्यात नाही.