बोरघाटातली मिनिटे आणि फॉर्मचा हिशेब

अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत कोणता सायकलपटू खरोखर फॉर्मात आहे, हे निकालपत्रक पाहून ठरवण्याची सवय प्रेक्षकांना असते. परंतु निकालपत्रकावरच्या वेळेत सायकलपटूच्या पायांतील ताकदीबरोबरच त्या दिवशीचा वारा, पुढे राहून हवा कापणारे संघसहकारी, रस्त्याची अवस्था आणि नशीब यांचाही वाटा असतो, आणि तुलना शास्त्रीय व्हायची तर हे सारे वजा करून जे उरते ते मोजावे लागते. सपाटीवर ही वजाबाकी जवळपास अशक्य होते. तेथे सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात जाते. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. नेदरलँड्समधील आइंटहोवन येथील संशोधक बर्ट ब्लोकेन यांनी १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा संगणकावर आणि पवनबोगद्यात अभ्यास करून २०१८ मध्ये असे दाखवले, की घोळक्याच्या मध्यभागी मागच्या बाजूला असलेल्या सायकलपटूला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो. अशा ठिकाणी दोघे एकाच वेळी अंतिम रेषा ओलांडतात, पण एकाने घाम गाळलेला असतो आणि दुसरा जवळजवळ विश्रांती घेत आलेला असतो.

चढणीवर मात्र वेग कमी होतो, हवेचे महत्त्व घटते आणि गुरुत्वाकर्षण हा मुख्य प्रतिस्पर्धी उरतो, म्हणून फॉर्म तपासणाऱ्यांची नजर चढणीवर असते. मध्य मुंबईतील सायकलपटूची अडचण येथूनच सुरू होते. दादरच्या खोदादाद सर्कलपासून परळ आणि लालबागमधून जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग सपाट आहे, आणि उड्डाणपुलांचे उंचवटे काही सेकंदांत संपतात. गिरगावाला लागून असलेली मलबार हिल ही खरी टेकडी. पण तिची उंची सुमारे ५० मीटर, म्हणजे तयारीच्या सायकलपटूसाठी दोन-तीन मिनिटांचे काम. एवढ्या अल्प वेळात शरीर प्राणवायूविना ऊर्जा पुरवणाऱ्या मर्यादित साठ्यावर बरेचसे भागवून नेऊ शकते. शरीरशास्त्रज्ञ जिला ‘क्रांतिक शक्ती’ म्हणतात, म्हणजे दीर्घ काळ टिकवता येणाऱ्या शक्तीची वरची मर्यादा, ती अशा चढणीवर कळत नाही. तिच्या वरचा राखीव साठा केवढा आहे, एवढेच फार तर कळते. टप्प्यांच्या शर्यतीत निर्णायक ठरणाऱ्या चढणी अर्ध्या तासाच्या, कधी तासाभराच्या असतात. तशी चढण हवी असेल तर दादरहून पनवेलमार्गे सुमारे ७० किलोमीटर जाऊन खोपोली गाठावी लागते, कारण तेथे बोरघाट सुरू होतो. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव असल्यामुळे शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा जुना रस्ता हीच मुंबईच्या सायकलपटूंची प्रयोगशाळा होय. अनेक दशकांची परंपरा असलेल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाटमाथ्यावर प्रथम पोहोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळे बक्षीस देण्याची पद्धत रुजली, त्यामागे हेच सामान्य ज्ञान होते.

या घाटाचे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. खोपोली ते लोणावळा उंचीतील फरक सुमारे ५५० मीटर आहे. ७२ किलो वजनाचा सायकलपटू ८ किलोच्या सायकलीसह ही उंची ३० मिनिटांत चढला, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने सरासरी सुमारे २४० वॉट शक्ती लावलेली असते. हवा आणि टायरचे घर्षण यांचा खर्च त्याहून निराळा. तीच वेळ नोंदवणाऱ्या ५८ किलोच्या सायकलपटूला मात्र तेवढ्याच उंचीसाठी सुमारे १९८ वॉट पुरतात. घाटात दोघे बरोबरीचे दिसतात, पण पनवेलच्या सपाट रस्त्यावर समोरून वारा असताना हवेचा विरोध दोघांना जवळपास सारखाच असल्याने तेथे जड सायकलपटूचे जास्तीचे वॉट उपयोगी पडतात आणि हलका मागे पडतो. म्हणून चढणीच्या तुलनेसाठी शक्ती भागिले शरीराचे वजन, म्हणजे दर किलोमागे वॉट, हे माप वापरतात, तर सपाटीवरच्या एकट्याच्या शर्यतीसाठी शक्ती भागिले हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ हे माप अधिक योग्य ठरते. ‘या दोघांत सरस कोण’ या प्रश्नाला रस्ता सांगितल्याशिवाय उत्तर नसते.

पॅडलवर पडणारा जोर धातूच्या सूक्ष्म ताणावरून मोजणारे शक्तिमापक जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी १९८६ च्या सुमारास तयार केले, आणि आज जवळपास प्रत्येक व्यावसायिक सायकलपटूच्या सायकलीवर असे यंत्र असते. परंतु अव्वल संघ आपले आकडे सहसा गुलदस्त्यात ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या अभ्यासकांना चढणीची वेळ आणि उंची यांवरून अंदाज बांधावा लागतो. त्यासाठीचे लोकप्रिय माप म्हणजे तासाला किती मीटर उंची गाठली हे. २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये तादेय पोगाचारने पिरेनीज पर्वतातील प्लातो द बेय ही १५.८ किलोमीटरची, सरासरी ७.९ टक्के चढाची चढण ४० मिनिटांच्या आत सर केली; याचा अर्थ तासाला सुमारे १,९०० मीटर. या चढणीवरचा जुना विक्रम मार्को पंतानीचा; त्याची १९९८ मधली वेळ याहून साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त होती. येथे सावध राहावे लागते. दोन वेळांमध्ये २६ वर्षे आहेत, आणि या वर्षांत टायर, चौकट, कपडे तसेच शर्यतीत तासाला १०० ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात घालण्याचे तंत्र हे सर्व बदलले; शिवाय पंतानीच्या काळावर उत्तेजक द्रव्यांची दाट सावली आहे. त्या दिवशी पायथ्यापासून संघाने वेग किती वाढवला आणि वारा कुठून होता, हेही वेळेत मिसळलेले असते. वेगवेगळ्या चढाच्या घाटांची तुलना तर याहून फसवी. चार टक्क्यांच्या चढावर तासाला १,९०० मीटरची गती राखायची म्हटले तर ताशी ४७ किलोमीटर वेगाने जावे लागेल, आणि मग पुन्हा हवाच मुख्य शत्रू होईल. बोरघाटातले आकडे प्लातो द बेयशी जुळवून मुंबईकराला कमी लेखणे किंवा शाबासकी देणे दोन्ही व्यर्थ आहे. एकाच दिवशी, एकाच चढणीवर, एकाच गटातून सुटलेल्या दोघांची तुलना विश्वासार्ह. पिढ्यांची तुलना ही बव्हंशी करमणूक.

फॉर्म ही साठवलेली वस्तू नसून वजाबाकी आहे, हा विचार क्रीडाविज्ञानात १९७० च्या दशकात एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताच्या रूपात मांडला. प्रत्येक सरावातून शरीराला दोन गोष्टी मिळतात, तंदुरुस्ती आणि थकवा; तंदुरुस्ती हळू चढते आणि हळू ओसरते, तर थकवा झपाट्याने चढतो आणि लवकर उतरतो. सायकलिंगमध्ये पुढे रूढ झालेल्या पद्धतीत तासभर कमाल टिकाऊ शक्तीने सायकल चालवण्याच्या श्रमाला १०० गुण देतात, गेल्या सुमारे ४२ दिवसांच्या गुणांची भारित सरासरी तंदुरुस्तीच्या खात्यात जमा धरतात, गेल्या सुमारे ७ दिवसांची सरासरी थकव्याच्या खात्यात खर्ची टाकतात आणि जमेतून खर्च वजा करून जी शिल्लक उरते तिला त्या दिवसाचा फॉर्म म्हणतात. मोठ्या शर्यतीआधी आठ-दहा दिवस सराव कमी करण्याचा प्रघात याच हिशेबावर उभा आहे. या पद्धतीचा पाया म्हणजे ती तासाची कमाल शक्ती. ती काढण्यासाठी बहुतेक जण २० मिनिटे पूर्ण जोर लावून मिळालेल्या सरासरीचे ९५ टक्के धरतात, आणि दक्षिण मुंबईत या २० मिनिटांसाठी अखंड रस्ता मिळवणे हे स्वतंत्र दिव्य आहे. पहाटे मरीन ड्राइव्ह मोकळा असला, तरी नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी हे अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर. ताशी ३६ किलोमीटर वेगाने २० मिनिटांत १२ किलोमीटर होतात, म्हणजे ते अंतर तीनदा पार करूनही पुरत नाही, आणि प्रत्येक वळणावर जोर तुटतो. सिग्नल आणि बेस्टच्या बस यांचा हिशेब वेगळाच.

म्हणून परळ-लालबागच्या चाळींच्या आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतील अनेक हौशी सायकलपटू घरातच मागचे चाक काढून, सायकल स्थिर यंत्रावर बसवून ही चाचणी घेतात. तेथे उष्णतेचा प्रश्न आडवा येतो. मानवी स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोहोचवतात. २५० वॉटने पॅडल मारणाऱ्याच्या शरीरात त्याच वेळी सुमारे ८०० वॉट उष्णता निर्माण होत असते, आणि ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, ठिबकतो. त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागल्याने स्नायूंचा वाटा घटतो, तेवढ्याच वॉटसाठी नाडीचे ठोके हळूहळू वाढत जातात आणि मे महिन्यात घेतलेल्या चाचणीत तोच सायकलपटू जानेवारीपेक्षा ‘उतरलेला’ दिसतो. हा फॉर्मचा दोष नव्हे, हवेचा आहे. उलट दोन-तीन आठवडे उष्णतेत नियमित सराव केल्यास रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि शरीर सरावते. युरोपातील अव्वल संघ यासाठी मुद्दाम तापलेल्या खोल्यांत सराव करवतात. ही सोय मुंबईकराला फुकट आहे.

मात्र जमाखर्चाचा कोणताही हिशेब तीन आठवड्यांच्या शर्यतीचे भाकीत पुरते करू शकत नाही, आणि याचे उत्तम उदाहरण २०२३ च्या टूर द फ्रान्सने पुरवले. पंधरा टप्पे संपले तेव्हा योनास विंगेगार्द आणि पोगाचार यांच्यात अवघ्या १० सेकंदांचे अंतर होते; कोणत्याही मापाने दोघे समान होते. सोळाव्या टप्प्यात, एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या २२.४ किलोमीटरच्या शर्यतीत विंगेगार्दने १ मिनिट ३८ सेकंदांची आघाडी मिळवली, आणि दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझच्या उंच घाटात पोगाचार पावणेसहा मिनिटे मागे पडला. त्याच वसंतात एका शर्यतीत पडून पोगाचारचे मनगट मोडले होते आणि सरावाचे काही आठवडे वाया गेले होते. ताज्या पायांनी तो कोणालाही तोडीस तोड होता. उणीव दिसायला तिसरा आठवडा उजाडावा लागला. संशोधक या गुणाला टिकाऊपणा म्हणतात आणि तो मोजण्यासाठी सायकलपटूने आधी दोन-तीन हजार किलोज्यूल काम केल्यानंतर पाच किंवा वीस मिनिटांची त्याची कमाल शक्ती किती घटते हे पाहतात. अलीकडच्या अभ्यासांत असे आढळले आहे, की विश्रांतीनंतरच्या चाचणीत होतकरू तरुण आणि प्रस्थापित व्यावसायिक यांच्यात फार फरक नसतो. थकल्यानंतरच्या चाचणीत तो उघड होतो. टप्प्यांच्या शर्यतीतील सायकलपटूंची तुलना करण्याचे सर्वांत प्रामाणिक माप हेच मानावे लागेल.

क्रमांक आणि फॉर्म यांची फारकत २०२४ मध्ये आणखी ठळक झाली. त्या वर्षी ४ एप्रिलला बास्क प्रांतातील शर्यतीत विंगेगार्द पडला, त्याच्या गळपट्टीचे हाड व बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसालाही इजा झाली. तरीही जूनअखेर तो टूरच्या प्रारंभरेषेवर होता. प्लातो द बेयवर तो पोगाचारच्या १ मिनिट ८ सेकंद मागे राहिला, पण पंतानीचा जुना विक्रम त्यानेही मोडला. एकूण शर्यतीत ६ मिनिटे १७ सेकंदांनी दुसरा आलेल्या या सायकलपटूचा फॉर्म ‘घसरला’ असे लिहिणाऱ्यांनी केवळ क्रमांक वाचला होता. पूर्वतयारीच्या शर्यतींवर विसंबणेही असेच धोक्याचे: जूनमधील दोफिने शर्यत २०२४ मध्ये प्रिमोझ रोग्लिचने जिंकली आणि महिन्याभरात पडल्यामुळे त्याला टूर अर्धवट सोडावी लागली.

जानेवारी २०२६ मधील पुणे ग्रँड टूरमुळे हा सारा विषय महाराष्ट्राच्या दारात आला. ही शर्यत आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ वर्गात मोडते; त्यातला पहिला आकडा ती टप्प्यांची असल्याचे आणि दुसरा तिची श्रेणी सांगतो. प्रारंभीची छोटी शर्यत आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटरचा मार्ग पुणे जिल्ह्यातील घाटांमधून आखलेला होता. पाच दिवसांत तिसऱ्या आठवड्याची परीक्षा होत नाही, तरी सुरुवातीच्या आणि नंतरच्या टप्प्यांतील चढणींवरील वेळा शेजारी ठेवल्या तर टिकाऊपणाचा अंदाज नक्की बांधता येतो. मुंबई-पुणे शर्यतीच्या आयोजकांना तर याहून सोपे काम आहे. ‘घाटाचा राजा’चे नाव जाहीर करतानाच प्रत्येक सायकलपटूची खोपोलीच्या पायथ्याची आणि घाटमाथ्याची वेळ, त्याचे वजन, त्या सकाळचे तापमान आणि वाऱ्याची दिशा एवढे त्यांनी दरवर्षी छापावे, दहा वर्षांत बोरघाट हा देशातील सर्वांत उत्तम नोंदी असलेला घाट होईल.