भाडं, भीती आणि फो

वॉशिंग्टनला गेलेला मराठी माणूस दिवसभर स्मारकं आणि संग्रहालयं पाहतो आणि रात्री हर्नडन किंवा अ‍ॅशबर्नमधल्या भाच्याकडे वरणभात जेवतो. या दोहोंच्या मध्ये, पोटोमॅक नदीच्या पलीकडे, उत्तर व्हर्जिनियाची जी जुनी उपनगरं लागतात, तिथे तो सहसा उतरत नाही. उतरण्यासारखं दिसतही नाही काही. मोटारींनी भरलेली डांबरी पटांगणं आणि त्यांच्या कडेने बैठ्या दुकानांच्या रांगा, एवढंच. मला या कुरूप रांगांचं जुनं वेड आहे. त्या भागातलं सर्वांत चांगलं व्हिएतनामी जेवण तिथेच मिळतं, आणि ते तिथेच का मिळतं हा प्रश्न मला फोपेक्षाही, म्हणजे नूडल्सच्या व्हिएतनामी सुपापेक्षाही, चविष्ट वाटत आला आहे.

या प्रश्नाचं एक तयार उत्तर आहे. टायलर कॉवेन हे त्याच भागातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. वॉशिंग्टन परिसरातल्या परदेशी खानावळींची एक मार्गदर्शिका ते कित्येक वर्षं चालवत आले. पुढे 2012 मध्ये ‘अ‍ॅन इकॉनॉमिस्ट गेट्स लंच’ हे पुस्तकही लिहिलं. त्यांचा सिद्धान्त सरळ आहे. भारी भाड्याच्या जागेत मालकाला सगळ्यांनाच खूश ठेवावं लागतं, म्हणून चव मिळमिळीत होते. स्वस्त जागेत गिऱ्हाइकं थोडी असली तरी निभावतं, म्हणून स्वयंपाकी आपल्या मनासारखं रांधू शकतो.

हा सिद्धान्त पडताळायला क्लॅरेंडनइतकं चांगलं उदाहरण नाही. आर्लिंग्टनमधली ही जुनी बाजारपेठ. सत्तरच्या दशकात मेट्रोसाठी विल्सन बुलेवार्ड खणला गेला, गिऱ्हाईक आटलं, जुने दुकानदार निघून गेले. गाळे रिकामे ठेवण्यापेक्षा मालकांनी ते थोड्या मुदतीवर, पडेल भाड्याने द्यायला सुरुवात केली. नेमके त्याच सुमारास, एप्रिल 1975 मध्ये सायगाव पडलं आणि दक्षिण व्हिएतनामचे निर्वासित आले. त्यातल्या बऱ्याच जणांचे अमेरिकी लष्कराशी आणि सरकारशी जुने संबंध होते, त्यामुळे राजधानीच्या आसपास राहणं त्यांना सोयीचं होतं. क्लॅरेंडनला लोक ‘लिटल सायगाव’ म्हणू लागले. डिसेंबर 1979 मध्ये मेट्रो स्थानक उघडलं, आणि ज्या खणाखणीने त्यांना जागा दिली होती, तिच्याच पूर्ततेने ती काढून घेतली. भाडी चढत गेली आणि दुकानं पश्चिमेला सरकली.

ती सरकली फॉल्स चर्चला. जेमतेम पाच-सहा चौरस किलोमीटरचं हे शहर. तिथल्या सेव्हन कॉर्नर्सच्या चौकाजवळ 1984 मध्ये ईडन सेंटर उभं राहिलं. आज तिथे शंभरावर दुकानं आहेत, सायगावच्या बेन थान्ह मंडईच्या धर्तीचा घड्याळाचा मनोरा आहे, आणि अस्तित्वात नसलेल्या देशाचा पिवळा, तीन तांबड्या पट्ट्यांचा झेंडा अमेरिकी झेंड्याशेजारी रोज फडकतो.

कॉवेनसाहेबांशी माझं भांडण इथे सुरू होतं. नुसत्या स्वस्त भाड्याने कुणी मेलेल्या देशाचा झेंडा लावत नाही. ‘ईडन’ हे नावही एका इमारतीच्या आठवणीत ठेवलेलं. सायगावच्या मध्यभागी, काँटिनेंटल हॉटेलच्या जवळ ईडन नावाची इमारत होती. खाली दुकानं, वर कचेऱ्या. युद्धकाळात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची कचेरी तिथेच होती.

या कचेरीचा धागा धरून गेलं की माणूस वेगळ्याच खानावळीत पोहोचतो. 1 फेब्रुवारी 1968 रोजी असोसिएटेड प्रेसच्या एडी अ‍ॅडम्सने सायगावच्या रस्त्यावर तो फोटो काढला. हात बांधलेला कैदी आणि त्याच्या डोक्याशी पिस्तूल धरलेला पोलीसप्रमुख. आपल्याकडेही तो फोटो कित्येकांनी पाहिलेला असतो. पिस्तूलवाल्याचं पुढे काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही.

तो ब्रिगेडियर जनरल न्गुयेन न्गॉक लोआन. त्याच वर्षी मे महिन्यात तो लढाईत जखमी झाला आणि पुढे त्याचा पाय कापावा लागला. 1975 मध्ये तो अमेरिकेत आला आणि ईडन सेंटरपासून फार दूर नसलेल्या बर्क या उपनगरात, रोलिंग व्हॅली मॉलमध्ये, त्याने ‘ले त्रॉआ काँतिनाँ’ म्हणजे ‘तीन खंड’ नावाची खानावळ काढली. पिझ्झा, हॅम्बर्गर आणि व्हिएतनामी जेवण, सगळं एकाच ठिकाणी. 1978 मध्ये त्याला देशाबाहेर काढण्याच्या हालचाली झाल्या. राष्ट्राध्यक्ष कार्टर मध्ये पडले म्हणून त्या थांबल्या. मग ओळख फुटली. तू कोण आहेस ते आम्हाला ठाऊक आहे, अशा अर्थाचा शिवराळ मजकूर कुणीतरी तिथल्या शौचालयाच्या भिंतीवर लिहिला. गिऱ्हाईक तुटलं आणि 1991 मध्ये खानावळ बंद पडली. 1998 मध्ये लोआन बर्कमध्येच वारला. अ‍ॅडम्सला पुलित्झर मिळालं होतं, पण त्या फोटोने लोआनच्या आयुष्याची माती केली याची खंत त्याने उघडपणे बोलून दाखवली. कैद्याला गोळी घालणाऱ्याबद्दल मला कणव नाही. पण ते ‘तीन खंड’ नाव, तो पिझ्झा आणि ती भिंत डोक्यातून जात नाही.

कॉवेनसाहेबांच्या सिद्धान्तात जे निसटतं, ते या खानावळीने मला शिकवलं. भाडं पाहावंच, पण त्याआधी स्वयंपाकी कुणाला घाबरतो ते पाहावं. बर्कमधल्या मालकाला अनोळखी गिऱ्हाइकाची भीती होती, म्हणून तिथे प्रत्येकासाठी काहीतरी होतं. ईडन सेंटरमध्ये स्वयंपाकी समोरच्या टेबलावरच्या आजीबाईंना घाबरतो. चाळीस वर्षं फो रांधलेल्या त्या बाई पहिल्या घोटात सांगतात की चक्रफूल जास्त पडलंय, हाडं नीट उकळली नाहीत.

म्हणून तिथे गेलात तर जिथे एकच गोष्ट जन्मभर केली जाते ते दुकान शोधा. बान्ह मीच्या, म्हणजे व्हिएतनामी सँडविचच्या, दुकानात बान्ह मीच घ्या. टोफूच्या दुकानात गवती चहा घालून तळलेला ताजा टोफू आणि गरम सोयादूध. शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण माशाचा आंबवलेला अर्क, नुओक माम, जवळजवळ सगळ्यात असतो. पदार्थासमोर ‘चाय’ लिहिलंय का ते पाहावं. बौद्ध उपवासाचं जेवण ते.

आणि फार लांबणीवर टाकू नका. फॉल्स चर्चनेही शहराच्या या पूर्व टोकाच्या विकासाचा नवा आराखडा आखला आहे, आणि क्लॅरेंडनची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून तिथले तरुण व्हिएतनामी अमेरिकन दुकानदारांच्या बाजूने उभे राहिले आहेत. त्यांची काळजी खोटी नाही. भाडं चढलं की स्वयंपाकी आजीबाईंना घाबरायचं सोडतो आणि जागामालकाला घाबरू लागतो. आणि जागामालकाला फोची चव कळत नाही.