निनावी सखा

गोकुळाष्टमीच्या उत्सवात उत्तररंगास सुदामचरित्र लागले, म्हणजे श्रोत्यांचा सहज समज होतो की ही कथा नावासकट श्रीमद्भागवतातून आली आहे. कथा भागवतातीलच, नाव मात्र तेथे नाही. दशम स्कंधाच्या ८० व ८१ या अध्यायांत व्यासांनी 'कृष्णाचा कोणी एक ब्राह्मण सखा' एवढीच त्याची ओळख दिली आहे. त्याच स्कंधाच्या ४१व्या अध्यायात मथुरेत रामकृष्णांना पुष्पमाला अर्पण करणाऱ्या माळ्याचे नाव सुदामा असे स्पष्ट आले आहे. तेव्हा माळ्याला नाव देणाऱ्या व्यासांना सख्याच्या नावाचे वावडे होते, असे म्हणवत नाही.

सखा निनावी राहिला, म्हणूनच त्याच्या जागी कोणाही दीनाला उभे राहता येते, असे मला वाटते. पुढे लोकांनी त्यास सुदामा म्हटले, पोरबंदरास त्याचे मंदिर झाले, त्या नगरीस सुदामापुरी म्हणू लागले. तेही उचितच; प्रेमाला हाक मारल्यावाचून राहवत नाही.

परंतु प्रत्येक निनावीपणा असा उदार नसतो. महाभारताच्या आदिपर्वात लाक्षागृहाच्या रात्री एक निषादी आपल्या पाच पुत्रांसह तेथे निजली होती. ती सहाही माणसे जळाली आणि त्यांचेच देह कुंती व पांडव यांचे मानले गेले. पांडव सुटले म्हणून आपण सुखावतो. त्या सहांची नावे कोणी विचारीत नाही. हे आख्यान लावणाऱ्याने येथे क्षणभर झांज थांबवावी.

भागवतातील त्या सख्याच्या पत्नीचेही नाव व्यासांनी दिलेले नाही. पतीने द्वारकेस जावे हा आग्रह तिचा. शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पोहे मागून आणून ते फडक्यात बांधून देणारीही तीच. देवाने एक मूठ भक्षिली, दुसरी उचलताच रुक्मिणीने हात धरला. एका मुठीत वैभव आले, आणि ती मूठ त्या अनाम गृहिणीची होती.

उत्सवाचा संकल्प यजमानाच्या नावगोत्राने होतो. ते शास्त्रोक्तच आहे. मात्र काला वाटण्यापूर्वी, पहाटे उठून ज्यांनी पोहे भिजविले त्या घरच्या माउलींचीही नावे देवापुढे एकदा उच्चारावीत. देवाला ती ठाऊकच आहेत. विसर आपल्याला पडतो.