सहा सुळ्यांचा हत्ती आणि श्रावस्तीची भिक्खुणी

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरलं की बहुतेकांची नजर खांबावरची सही शोधते. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीच्या निमित्ताने इथे आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ती कोरली. मला मात्र उजवी भिंत खिळवून ठेवते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, आता काळवंडलेली ती चित्रंही एका शिकाऱ्याचीच गोष्ट सांगतात: छद्दंत जातक, म्हणजे बुद्धांच्या एका पूर्वजन्माची कथा.

हिमालयातल्या छद्दंत या सहा सुळ्यांच्या गजराजाने फुललेल्या सालवृक्षाला धडक दिली. वारा असा होता की फुलं आणि पराग त्याच्या एका पत्नीवर, महासुभद्देवर पडले. दुसरीच्या, चुल्लसुभद्देच्या वाट्याला वाळक्या काटक्या अन् लाल मुंग्या आल्या. तिने तो डंख उराशी धरला. पुढच्या जन्मी वाराणसीची राणी होऊन तिने सोनुत्तर नावाच्या शिकाऱ्याला त्याच हत्तीचे सुळे आणायला धाडलं. विषारी बाण लागलेला हत्ती शिकाऱ्यावर चालून गेला, पण त्याच्या जवळचं भिक्खूंचं काषाय वस्त्र दिसताच थबकला. सोनुत्तराच्या हातून सुळे कापले जाईनात, तेव्हा हत्तीने सोंडेत करवत धरून ते स्वतःच कापून दिले. सुळे पाहताच राणीचं काळीज फाटलं. दहाव्या लेण्याच्या चित्रकाराने नेमकी हीच घटका रंगवली आहे: कोसळणारी राणी आणि तिला सावरणाऱ्या दासी.

त्यागाची आणखी एक गोष्ट आठवते. चार्ल्स डिकन्सच्या १८५९ च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये वाया गेलेला सिडनी कार्टन दुसऱ्याच्या जागी गिलोटिनखाली जातो आणि स्वतःच्या आयुष्याचं सोनं करतो. तिथे त्याग करणाऱ्यालाच उद्धाराची गरज असते. छद्दंताला ती नव्हती; ती राणीला होती.

आणि तिला उद्धार मिळतो, हे पाली जातककथेच्या चौकटीत आहे. श्रावस्तीत बुद्धांचं प्रवचन ऐकताना एका तरुण भिक्खुणीला आठवतं, आपण पूर्वी, यांच्या गजराजाच्या जन्मी, यांची पत्नी होतो. ती आनंदाने हसते. मग आपण धाडलेला शिकारी आठवतो आणि हुंदका फुटतो. बुद्ध भर सभेत सगळी कथा सांगतात. पुढे तीच भिक्खुणी अर्हतपदाला पोचते. जिने मारेकरी पाठवला तिला कथा वाऱ्यावर सोडत नाही, हे मला या जातकातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळी, सतराव्या लेण्यात छद्दंत पुन्हा रंगवला गेला. ते लेणं मांडलिक राजा उपेंद्रगुप्ताच्या दानातून झालं. महाकपीही तिथेच आहे: गंगेवर देहाचा पूल करून कळपाला पार नेणारा वानरराजा. त्याच्या पाठीवर मुद्दाम उडी मारून त्याला जखमी करणारा वानर म्हणजे बुद्धांचा वैरी देवदत्त, पूर्वजन्मीचा. तो उडी मारून निघून जातो; बदलतो तो धनुर्धारी घेऊन आलेला वाराणसीचा राजा. जखमी वानराला तो झाडावरून अलगद उतरवून घेतो, त्याची शुश्रूषा करतो आणि राजाने प्रजेसाठी कसं जगावं, हे त्याच्याकडून ऐकून घेतो.